मावशी वाचल्या, शेजारचे काका गेले. इंजेक्शन मात्र एकच. असं का?

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. विचारणाऱ्यांच्या मावशींनी अंगदुखीवर एक गोळी घेतली. पाऊण तासाच्या आत अंगभर गांधी उठल्या, आवाज बसला, धाप लागली आणि त्या कोसळल्या. दवाखान्यात मांडीत ॲड्रेनलिनचं इंजेक्शन दिलं आणि दहा मिनिटांत त्या बोलायला लागल्या. तरीही रात्रभर ठेवून घेतलं. काही महिन्यांनी शेजारच्या काकांचं हृदय बंद पडलं. त्यांनाही ॲड्रेनलिनच दिलं, तेही थेट शिरेतून आणि पुन्हा पुन्हा. काका गेले. विचारणारे म्हणतात, "औषध तेच, मग एकदा जादू आणि एकदा काहीच नाही, हे कसं? काकांना द्यायला उशीर झाला का? आणि अशी औषधं घरात ठेवता येतील का?"

मी आपत्कालीन विभागात काम करणारा डॉक्टर आहे. दोघांचेही केसपेपर मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे काकांच्या बाबतीत उशीर झाला की नाही यावर बोलणार नाही. कुणीही कागद न बघता त्यावर बोललं तर ऐकू नका. हृदय कशामुळे बंद पडलं, किती वेळाने कुणी छाती दाबायला घेतली, मॉनिटरवर पहिल्यांदा काय दिसलं, या तीन गोष्टी कळल्याशिवाय त्या प्रश्नाला अर्थच नाही. पण औषध एकच असून निकाल इतका वेगळा का लागला, हे मात्र नीट सांगता येतं.

तुमचा प्रश्न औषधाच्या ताकदीबद्दल आहे असं वरवर वाटतं. माझ्या मते खरा प्रश्न असा आहे: औषध पोहोचलं तेव्हा शरीरात काय बिघडलेलं होतं आणि काय अजून शाबूत होतं? आमची बहुतेक तातडीची औषधं रोग बरा करत नाहीत. शरीरात आधीपासून असलेले रिसेप्टर, म्हणजे पेशींवरच्या रसायनांचा निरोप घेणाऱ्या जागा, ती चालू करतात किंवा अडवतात. ॲड्रेनलिन तर बाहेरचं रसायनही नव्हे, मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या ग्रंथी ते रोजच बनवतात. म्हणजे औषधाला काम करायला चालतं शरीर लागतं. पेशी जिवंत हव्यात, त्यांच्यापर्यंत रक्त पोहोचायला हवं आणि तो रिसेप्टर अजून ऐकणारा हवा. यातलं एकही नसेल तर सिरिंजमध्ये काय भरलंय याला फारशी किंमत उरत नाही.

आता मावशी. तीव्र ॲलर्जीत, म्हणजे ॲनाफिलॅक्सिसमध्ये, मास्ट पेशी, म्हणजे ॲलर्जीची रसायनं साठवणाऱ्या पेशी, एकदम फुटल्यासारख्या रिकाम्या होतात आणि हिस्टामिनसह बरीच रसायनं रक्तात सोडतात. रक्तवाहिन्या सैल पडतात आणि झिरपायला लागतात. घसा सुजतो, श्वासनलिका आवळतात. पंप ठणठणीत आहे, पण पाइप अचानक रुंद झाले आणि जागोजागी गळायला लागले, अशी ती अवस्था असते. वाईट प्रसंगी रक्तातला एक तृतीयांश द्रव दहा मिनिटांत वाहिन्यांबाहेर गेलेला असतो. मावशी कोसळल्या त्या यामुळे. हृदयाला काही झालेलं नव्हतं.

ॲड्रेनलिन इथे एकाच वेळी चार कामं करतं. त्याच्या रिसेप्टरचे अल्फा, बीटा-1, बीटा-2 असे प्रकार आहेत. अल्फा रिसेप्टरवरून रक्तवाहिन्या आवळतं, त्यामुळे रक्तदाब वर येतो आणि घशाची सूज ओसरते. बीटा-1 वरून हृदयाचा जोर वाढवतं. बीटा-2 वरून श्वासनलिका मोकळ्या करतं, आणि त्याच बीटा-2 वरून मास्ट पेशींनाही आवर घालतं, म्हणजे मुळातली गळती मंदावते. दुसरं कुठलंही एक औषध हे सगळं करत नाही. ॲलर्जीच्या नेहमीच्या गोळ्या-इंजेक्शनं फक्त हिस्टामिनचा रिसेप्टर अडवतात, त्याने खाज आणि गांधी कमी होतात, पडलेला रक्तदाब उठत नाही. स्टेरॉइडला परिणाम दाखवायला काही तास लागतात. तरीही अनेक ठिकाणी आधी ही दोन इंजेक्शनं देतात, वाट बघतात आणि मग ॲड्रेनलिनकडे वळतात. हा क्रम उलटा आहे. मी नव्या डॉक्टरांना सारखं सांगतो की ॲड्रेनलिन आधी, बाकी सगळं सवडीने.

मांडीतच का? कारण मांडीच्या बाहेरच्या अंगाचा स्नायू मोठा आहे आणि त्याला रक्तपुरवठा भरपूर आहे. 1998 साली मुलांवर झालेल्या एका अभ्यासात मांडीच्या स्नायूत दिलेल्या ॲड्रेनलिनची रक्तातली पातळी सरासरी आठ मिनिटांत सर्वांत वर पोहोचली. तेच त्वचेखाली दिलं तेव्हा चौतीस मिनिटं लागली. त्याचं कारण गमतीशीर आहे. ॲड्रेनलिन त्वचेतल्या बारीक वाहिन्या आवळतं, म्हणजे स्वतःचीच वाट स्वतः बंद करतं. स्नायूतल्या वाहिन्यांवर बीटा-2 रिसेप्टर जास्त असतात, त्यामुळे तिथे हा अडथळा होत नाही.

मग थेट शिरेत दिलं तर आणखी लवकर पोहोचेल ना? पोहोचेल, आणि तोच धोका आहे. मोठ्या माणसाला स्नायूत देतात तो डोस अर्धा मिलिग्रॅम, गरज पडली तर पाच मिनिटांनी पुन्हा. तेवढाच डोस धडधडत्या हृदयाच्या माणसाला एका दमात शिरेत दिला तर रक्तदाब इतका उसळू शकतो की मेंदूत रक्तस्राव व्हावा, किंवा ठोक्यांची लय बिघडावी. स्नायूतून औषध मिनिटांच्या हिशेबाने झिरपतं, आणि ते झिरपणं हीच सुरक्षितता आहे. फारच बिकट अवस्थेत आम्ही शिरेतूनही देतो, पण तेव्हा ते खूप पातळ करून, पंपावर लावून, मॉनिटरवर नजर ठेवून. ॲड्रेनलिन दोन तीव्रतांत मिळतं, एक दुसऱ्याच्या दहापट. पूर्वी लेबलवर 1:1000 आणि 1:10000 असं असायचं आणि घाईत एका शून्याचा घोळ व्हायचा. आता अनेक ठिकाणी सरळ एका मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम ते लिहितात. फार चांगलं झालं.

रात्रभर ठेवून का घेतलं? इंजेक्शनचा परिणाम काही मिनिटांनी ओसरतो, ॲलर्जीचं कारण मात्र पोटात किंवा रक्तात अजून शिल्लक असू शकतं. काही जणांना पहिला हल्ला शांत झाल्यावर काही तासांनी दुसरा येतो. कुणाला किती वेळ ठेवायचं हे एका डोसात भागलं का, दमा आहे का, घर किती लांब, यावर ठरतं. जाता जाता एक गोष्ट, कारण ती औषधाइतकीच महत्त्वाची आहे. अशा पेशंटला आडवं ठेवून पाय वर करतात. दम फारच लागत असेल तर बसवतात, पण "आता बरं वाटतंय" म्हणून पटकन उभं करत नाहीत. रिकाम्या झालेल्या हृदयाकडे परत येणारं थोडंसं रक्तही उभं राहिल्यावर पायांत उतरतं, आणि त्यातून मृत्यू झाल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात आहेत.

आता काका. तिथे परिस्थिती नेमकी उलटी. हृदयच थांबलेलं, म्हणजे रक्त जागच्या जागी. हाताच्या शिरेत दिलेलं औषध हातातच बसून राहतं, आणि छाती दाबणाऱ्याच्या तळव्यांच्या जोरावर ते पुढे सरकतं. म्हणून आम्ही औषधामागे लगेच वीस मिलिलिटर सलाइन ढकलतो आणि तो हात वर उचलून धरतो. उत्तम प्रकारे छाती दाबली तरी नेहमीच्या रक्तप्रवाहाच्या साधारण पाव ते तृतीयांश एवढाच प्रवाह मिळतो. दाबणं थांबलं की तोही शून्य.

इथे एक मिलिग्रॅम ॲड्रेनलिन दर तीन ते पाच मिनिटांनी देतात. "हृदयाला चाबूक मारून उठवतात" अशी समजूत आहे, पण आपल्याला हवा असतो तो अल्फा परिणाम. हातापायांच्या आणि पोटाच्या वाहिन्या आवळल्या की महाधमनीतला दाब वाढतो, आणि त्या दाबामुळे हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांत थोडं रक्त शिरतं. ते शिरलं तरच हृदय पुन्हा चालू व्हायची शक्यता. बीटा परिणाम इथे उपयोगी पडण्यापेक्षा आडवाच येतो, कारण आधीच उपाशी असलेल्या स्नायूची ऑक्सिजनची भूक तो वाढवतो.

याचा हिशेब ब्रिटनमध्ये एका मोठ्या चाचणीत मांडला गेला. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पॅरामेडिक-2 या चाचणीत रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेले 8,000 हून थोडे अधिक रुग्ण होते. निम्म्यांना ॲड्रेनलिन, निम्म्यांना सलाइन, आणि कुणाला काय दिलंय हे देणाऱ्यालाही ठाऊक नाही. तीस दिवसांनी जिवंत होते 3.2 टक्के आणि 2.4 टक्के. म्हणजे ॲड्रेनलिनने फरक पडला, पण एवढाच. आणि मेंदू चांगल्या अवस्थेत राहिलेल्यांच्या प्रमाणात दोन्ही गटांत ठळक फरक नव्हता. जे वाचले त्यांच्यात मेंदूला गंभीर इजा झालेल्यांचं प्रमाण ॲड्रेनलिनच्या गटात उलट जास्तच होतं. आम्ही औषध देणं थांबवलेलं नाही, कारण हृदय परत चालू होण्याची शक्यता त्याने निश्चित वाढते. पण आमच्यापैकी कुणीही त्याला जादू समजत नाही. हृदय नुसतं थरथरत असेल तर वेळेवर दिलेला विजेचा शॉक आणि पहिल्या मिनिटापासून छाती दाबणं, या दोन गोष्टींनी माणसं वाचतात. औषधाचा नंबर त्यांच्यानंतर लागतो.

आणि मूळ कारण राहतंच. हृदयाची मोठी धमनी गुठळीने बंद झाली असेल, फुप्फुसात मोठी गुठळी अडकली असेल, तर ॲड्रेनलिन कितीही दिलं तरी गुठळी जागेवरच. "आणखी एक इंजेक्शन दिलं असतं तर" हा विचार घरच्यांच्या मनात वर्षानुवर्षं राहतो हे मी पाहतो. बहुतेक वेळा त्या आणखी एका इंजेक्शनाने काही बदललं नसतं.

इथवरचं एका दमात सांगायचं तर, मावशींचं हृदय चालू होतं, रिसेप्टर जागे होते आणि बिघाड नेमका तिथेच होता जिथे ॲड्रेनलिन काम करतं. काकांच्या शरीरात औषध पोहोचवणारी यंत्रणाच बंद होती आणि बिघाड बहुधा औषधाच्या आवाक्याबाहेरचा होता. डोस, मार्ग, वेग, सगळं वेगळं. नाव तेवढं एक.

हे फक्त ॲड्रेनलिनपुरतं नाही. माझ्या कामात औषधं वेळ कशी विकत घेतात हे सगळ्यांत स्पष्ट दिसतं ते पोटॅशियम वाढलेल्या पेशंटमध्ये. मूत्रपिंडं निकामी झालेला, डायलिसिस चुकलेला माणूस अशक्तपणा म्हणून येतो. ईसीजीवर टी लाटा तंबूसारख्या टोकदार, आणि मधला उंच भाग पसरत पसरत रुंद झालेला. हृदय कुठल्याही क्षणी थांबेल अशी ती पट्टी असते. आम्ही कॅल्शियम ग्लुकोनेट हळूहळू शिरेतून द्यायला लागतो, आणि सिरिंज रिकामी होत असताना मॉनिटरवर तो रुंद भाग डोळ्यांदेखत अरुंद होत जातो. इतकी वर्षं झाली तरी ते बघताना मला बरं वाटतं. पण त्याच क्षणी रक्त तपासलं तर पोटॅशियम होतं तेवढंच! कॅल्शियम त्याला हातही लावत नाही. हृदयाच्या पेशींचं आवरण तेवढं ते स्थिर करतं, आणि तेही अर्धा-पाऊण तास. त्या वेळात इन्सुलिन आणि ग्लुकोज देतो, त्याने पोटॅशियम रक्तातून पेशींच्या आत ढकललं जातं. दम्यासाठी देतात ते साल्बुटामॉल वाफेतून दिलं की तेही तेच करतं. एवढं करूनही पोटॅशियम शरीरातच आहे, फक्त जागा बदलली. ते बाहेर काढायला बहुतेकदा डायलिसिसच लागतं. नातेवाईक पट्टी सुधारलेली बघून "आता घरी नेऊ का" विचारतात, तेव्हा मी हेच समजावतो.

मार्ग आणि वेग किती महत्त्वाचे, हे बघायचं तर ॲडिनोसिन. काही जणांच्या हृदयात विजेचा संदेश एका छोट्या वळशात अडकून गोल गोल फिरत राहतो आणि ठोके मिनिटाला 180-200 होतात. ॲडिनोसिन वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधला विजेचा थांबा काही क्षण बंद करतं, वळसा तुटतो आणि लय मूळ पदावर येते. पण रक्तातल्या लाल पेशी ते इतक्या झपाट्याने गिळतात की त्याचं अर्धायुष्य दहा सेकंदांपेक्षाही कमी. तळहाताच्या मागच्या बारीक शिरेत सावकाश दिलं तर हृदयापर्यंत पोहोचेतो ते संपलेलं असतं. म्हणून कोपराजवळची मोठी शीर, थ्री-वेला, म्हणजे तीन तोंडांच्या जोडणीला, दोन सिरिंजा जोडलेल्या, एकीत सहा मिलिग्रॅम औषध, दुसरीत सलाइन, आणि दोन्ही एकापाठोपाठ झटकन. त्याआधी मी पेशंटला सांगून ठेवतो: "काही सेकंद फार विचित्र वाटेल. छातीवर दडपण येईल, जीव चाललाय असं वाटेल. ते जातं." मग मॉनिटरवर रेघ सपाट होते. दोन सेकंद, तीन, चार. खोलीत कुणी बोलत नाही. मग एक ठोका, मग दुसरा, आणि लय सत्तर-ऐंशीवर स्थिरावते. न सांगता हे औषध देणं मला क्रूरपणा वाटतो.

खरं तर त्याच्याही आधी औषधाविना एक उपाय करतात. अर्धवट बसवून पंधरा सेकंद जोरात फुंकर मारायला लावायची आणि लगेच आडवं करून पाय वर उचलायचे. 2015 च्या एका चाचणीत या पद्धतीने 43 टक्के जणांची लय सुधारली, नुसत्या फुंकरीने 17 टक्के. पण हे ईसीजीवर निदान झाल्यावर. प्रत्येक धडधडीवर घरी करून बघायचा हा प्रयोग नव्हे.

एकच औषध, पण डोसाचं जग वेगळं, याचं दुसरं उदाहरण ॲट्रोपिन. ठोके फार मंदावले तर ते एकेक मिलिग्रॅम, एकूण तीनपर्यंत देतात. व्हेगस नावाचा मज्जातंतू हृदयाला ब्रेक लावत असतो, तो ब्रेक ते सैल करतं. तेच कीटकनाशकाच्या विषबाधेत, म्हणजे ऑर्गॅनोफॉस्फेट पोटात गेलं असेल तेव्हा, दर पाच मिनिटांनी आधीच्या दुप्पट असं वाढवत नेतात, आणि एकूण आकडा दहा-वीस मिलिग्रॅमच्या पलीकडे सहज जातो. कारण तिथे ॲसिटाइलकोलिन नावाचं रसायन मोडणारं एन्झाइमच बंद पडलेलं असतं. ते रसायन साचत जातं, फुप्फुसं स्रावाने भरतात आणि माणूस आपल्याच पाण्यात बुडतो. ॲट्रोपिन त्याची जागा अडवतं. किती द्यायचं हे नाडी किंवा डोळ्यांच्या बाहुल्या बघून ठरवत नाहीत. स्टेथोस्कोप लावायचा, छातीतली घरघर थांबली का ऐकायचं, ती थांबेपर्यंत देत राहायचं. आणि हृदय पूर्ण बंद पडलेल्यांना पूर्वी हेच ॲट्रोपिन सर्रास द्यायचे, पण उपयोगाचा पुरावा नाही म्हणून 2010 मध्ये अमेरिकन मार्गदर्शक तत्त्वांतून ते वगळलं गेलं. तातडीच्या वैद्यकात औषध यादीतून काढणं हेही औषध शोधण्याइतकंच मोलाचं काम आहे, असं माझं मत.

अफूवर्गीय औषधांचा डोस जास्त झाला तर नॅलोक्सोन देतात. ते त्याच रिसेप्टरवर मूळ औषधापेक्षा घट्ट बसतं पण स्वतः काहीच करत नाही. थांबलेला श्वास मिनिटाभरात परत येतो. पण त्याचा परिणाम अर्धा ते दीड तास, आणि मेथाडोनसारखं औषध त्याच्या कितीतरी पट टिकतं. शुद्धीवर आला म्हणून घरी सोडलेला माणूस दोन तासांनी पुन्हा श्वास थांबून सापडू शकतो.

वेळेचा मुद्दा फिटमध्ये, आकडीमध्ये, सर्वांत निर्दय आहे. लोराझेपाम, मिडाझोलाम ही औषधं मेंदूतल्या गाबा रिसेप्टरला जोर देतात, म्हणजे मेंदूचा स्वतःचाच लगाम घट्ट करतात. पण फिट जितकी लांबते तितके हे रिसेप्टर पेशींच्या पृष्ठभागावरून आत ओढले जातात. जे औषध पाचव्या मिनिटाला सहज लागू पडतं ते चाळिसाव्या मिनिटाला दुप्पट देऊनही पडत नाही, कारण त्याला बसायला जागाच कमी उरते. म्हणून पाच मिनिटं ही मर्यादा. 2012 मधल्या रॅम्पार्ट चाचणीत रुग्णवाहिकेतच मिडाझोलाम स्नायूत टोचलं तर ते शिरेतून दिलेल्या लोराझेपामपेक्षा कमी ठरलं नाही, रुग्णालयात पोहोचेपर्यंत फिट थांबलेल्यांचं प्रमाण 73 आणि 63 टक्के होतं. लोराझेपाम काही कमी प्रतीचं नव्हे, आकडी आलेल्या माणसाची शीर सापडण्यात वेळ जातो एवढंच.

आता घराचा प्रश्न. सगळ्यांना लागू पडेल अशी यादी मी देणार नाही, कारण घरात कोण आहे आणि त्याला काय आजार आहे यावर सगळं अवलंबून आहे. ॲड्रेनलिनच्या काचेच्या कुप्या, ॲट्रोपिन, शिरेतली कुठलीही औषधं घरी ठेवू नका. ज्यांना एकदा ॲनाफिलॅक्सिस झालाय त्यांनी डॉक्टरांकडून ॲड्रेनलिनचं ऑटो-इंजेक्टर, म्हणजे ठरलेला डोस भरलेलं, स्वतःच टोचून घ्यायचं पेन, लिहून घ्यावं, जिथे मिळतं तिथे शक्यतो दोन. वारंवार फिट येणाऱ्यांच्या घरी नाकात मारायचं मिडाझोलाम, आणि ते कधी मारायचं हे आधी शिकून घेतलेलं. दम्यासाठी पंप, सोबत स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी. इन्सुलिनवर असलेल्यांच्या घरी ग्लुकोज, पण ते शुद्धीत असणाऱ्यासाठीच. बेशुद्ध माणसाच्या तोंडात साखरपाणी ओतलं तर ते फुप्फुसात जातं. तिथे यकृतातली साखर रक्तात सोडायला लावणाऱ्या ग्लुकॅगॉनचं इंजेक्शन कामाला येतं, तेही यकृतात साखरेचा साठा शिल्लक असेल तरच.

छातीत कळ आली तर ॲस्पिरिन हा त्यातल्या त्यात सोपा भाग. 300 मिलिग्रॅमची साधी गोळी चावून खायची, अख्खी गिळायची नाही, म्हणजे ती लवकर शोषली जाते. रक्ताची गुठळी बनवणाऱ्या प्लेटलेट पेशींना केंद्रक नसतं. ॲस्पिरिनने त्यांचं एन्झाइम एकदा बंद केलं की त्या नवं बनवू शकत नाहीत, आणि आठ-दहा दिवसांच्या उरलेल्या आयुष्यात निकामीच राहतात. 1988 मध्ये 17,000 हून अधिक रुग्णांच्या आयसिस-2 चाचणीत एवढ्याशा गोळीने पाच आठवड्यांतले हृदयरक्तवाहिन्यांच्या विकाराने होणारे मृत्यू 23 टक्क्यांनी घटले. तातडीच्या औषधांत इतका स्वच्छ फायदा क्वचित दिसतो. मात्र तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतंय अशी पक्षाघाताची लक्षणं असतील तर ॲस्पिरिन अजिबात देऊ नका. मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. तिथे तुम्ही करू शकाल अशी सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे माणूस शेवटचा ठणठणीत कधी दिसला ती वेळ लक्षात ठेवणं. गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि ते तास त्या वेळेपासून मोजतात.

जिभेखालच्या नायट्रोग्लिसरीनचंही विचारतात. 1879 मध्ये विल्यम मरेल या ब्रिटिश डॉक्टरने छातीच्या कळेवर त्याचा उपयोग दाखवला. ज्या स्फोटकातून आल्फ्रेड नोबेलने संपत्ती कमावली तेच त्याला उतारवयात हृदयविकारावर लिहून दिलं गेलं. ते शरीरात नायट्रिक ऑक्साइड सोडून वाहिन्या सैल करतं, हे कोडं शंभरएक वर्षांनी उलगडलं आणि त्या संशोधनाला 1998 चं नोबेल मिळालं. गिळलं तर यकृतच ते मोडून टाकतं, म्हणून जिभेखाली. ते गुठळी काढत नाही, शिरा सैल करून हृदयावरचा भार हलका करतं. त्याने रक्तदाब पडतो, तेव्हा आधी खाली बसायचं. आणि लैंगिक ताठरतेसाठीच्या गोळ्यांपैकी सिल्डेनाफिल घेतल्यापासून 24 तास, टाडालाफिल घेतल्यापासून 48 तास ते घ्यायचं नाही; रक्तदाब इतका कोसळतो की सावरणं अवघड. लाजेने हे सांगत नाहीत लोक. सांगा. दुसऱ्याची गोळी तर घेऊच नका.

मावशींसाठी मात्र दोन गोष्टी वेगळ्या बघाव्या लागतील. त्या रक्तदाबाची गोळी घेत असतील तर ती बीटा-ब्लॉकर, म्हणजे बीटा रिसेप्टर अडवणारी, आहे का ते डॉक्टरांना विचारा. असेल तर पुढच्या वेळी ॲड्रेनलिनला साथ कमी मिळेल आणि ग्लुकॅगॉन लागू शकतं, शक्य असेल तर गोळी बदलून घेता येईल. दुसरं, ज्या वेदनाशामकाने हे झालं त्याचं ब्रँडचं नाव लिहून भागणार नाही, आतल्या घटकाचं नाव लिहा, कारण तोच घटक सर्दी-तापाच्या मिश्र गोळ्यांत दुसऱ्या नावाने असतो. काही जणांना एका वेदनाशामकाची ॲलर्जी असली की त्या गटातली बाकीचीही चालत नाहीत, आणि ॲस्पिरिन त्याच गटात येतं. म्हणून वर छातीच्या कळेसाठी जे सांगितलं ते मावशींना लावू नका, ॲलर्जीच्या तज्ज्ञांकडून तपासून घेईपर्यंत तरी. त्यांच्या पाकिटातल्या चिठ्ठीवर "ॲस्पिरिन देण्यापूर्वी विचारा" ही ओळ ठळक लिहा, आणि घरात त्यांच्याखेरीज आणखी दोघांना ती चिठ्ठी कुठे असते ते माहीत असू द्या.